दुखणं मोजायला गेलो

निर्गुडीवर आजवर जे काही संशोधन झालं आहे, त्यात माझाही एक थिसिस आहे. तो वगळला तरी निर्गुडीचं काही अडत नाही. काळ्या रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, आत एका पानावर आईवडिलांना आणि दुसऱ्या पानावर गाइडना वंदन, अशा थाटात तो कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका कपाटात उभा आहे. कपाटाला कुलूप आहे. ते चोरीच्या भीतीनं लावलेलं नाही. दार आपोआप उघडतं म्हणून लावलंय.

आमच्या वेळी, म्हणजे २००९-१०च्या सुमारास, एम. फार्म.च्या फार्माकॉलॉजीच्या थिसिसचं शीर्षक आधीच तयार असायचं : 'अमुक वनस्पतीच्या पानांच्या अल्कोहोलमधील अर्काच्या वेदनाशामक आणि दाहशामक गुणांचं मूल्यमापन.' 'अमुक' तेवढं आपण भरायचं. हुशार मुलं फार्मास्युटिक्स घ्यायची, त्याहून हुशार मुलं क्वालिटी अ‍ॅश्युरन्स घ्यायची आणि निकाल लागायच्या आत अंकलेश्वरला नाहीतर गोव्याला नोकरीवर रुजू व्हायची. फार्माकॉलॉजीला यायचे ते एकतर ज्यांना दुसरं काही मिळालं नाही ते, किंवा ज्यांना आपल्या हातून मानवजातीचं दुखणं हलकं होणार आहे असं वाटायचं ते. मी दोन्हीत मोडत होतो.

दुसऱ्या गैरसमजाला थोडे जबाबदार आमचे सर. पहिल्याच तासाला त्यांनी विल्यम पर्किनची गोष्ट सांगितली. वय अठरा. १८५६ सालची ईस्टरची सुटी. लंडनमधल्या राहत्या घरातच मांडलेली प्रयोगशाळा. पोरगा करायला गेला मलेरियावरचं क्विनीन आणि हाताला लागला जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचे कारखाने निघाले, आणि रंगांच्या कारखान्यांतून पुढं औषधांचे. मग टोरांटो, १९२१चा उन्हाळा. बँटिंगच्या हाताखाली आधी कोणी जायचं यावर दोन विद्यार्थ्यांत नाणेफेक झाली, चार्ल्स बेस्ट गेला आणि त्यातून इन्शुलिन आलं. विभागप्रमुख मॅक्लिऑड त्या वेळी स्कॉटलंडला गेले होते. मग आपल्याकडचं उदाहरण : बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा धरून गुग्गुळावर १९६६ साली प्रबंध लिहिला आणि पुढं गुग्गुळापासून कोलेस्टेरॉलवरचं औषध बाजारात आलं.

विद्यार्थ्याच्या हातूनही मोठं काम होतं, असं सरांना सुचवायचं होतं. आम्ही काढलेला निष्कर्ष वेगळा होता. मोठे शोध गाइड सुटीवर गेल्यावर लागतात. आमचे सर सुटीवर कधी गेलेच नाहीत.

'अमुक'च्या जागी काय भरायचं याचं उत्तर माझ्या आजोळी होतं. आजीचे गुडघे धरलेले. रोज संध्याकाळी ती निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करायची, फडक्यात बांधून दोन्ही गुडघ्यांवर ठेवायची आणि थोड्या वेळानं "आता बरं वाटाय लागलं बघ" म्हणत भाकऱ्या थापायला उठायची. घरामागच्या ओढ्याला निर्गुडीचं रानच होतं. पाला तापला की त्याचा तो उग्र वास सगळ्या घरात पसरायचा. बाकीच्यांना त्या वासानं शिंका यायच्या. मला त्यात पेटंट दिसलं.

निर्गुडी आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे, गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर आहे, दुकानातल्या संधिवाताच्या तेलाच्या बाटलीवर आहे. तिच्यावर याआधी कोणी काम केलं असेल का, हा विचार मला शिवला नाही. मी पोतं घेऊन ओढ्यात उतरलो.

भरलेलं पोतं घेऊन एसटीत चढताना कंडक्टरनं अडवलं. "वैरणीचं तिकीट पडंल."

"वैरण नाही. संशोधनाचं आहे."

त्यानं पोत्याला नाक लावलं. निर्गुडीला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणूनच लोक ती कुंपणाला लावतात, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक असणार. "मग टपावर टाका," तो म्हणाला. "संशोधनाला हवा लागती."

झाडाची ओळख पटल्याचा दाखला लागतो. त्यासाठी मी पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात गेलो, तो प्लास्टिकच्या पिशवीत मूठभर पाला घेऊन. दाखल्यासाठी फुलासकट डहाळी लागते, ती दाबून वाळवून कागदावर नीट चिकटवलेली लागते, कुठून आणि कधी तोडली ते लिहिलेलं लागतं. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी म्हणालो, "पण ही निर्गुडीच आहे. आमची आजी रोज वापरते." समोरचे गृहस्थ भले होते. म्हणाले, "आजींची सही आमच्याकडे चालत नाही." फुलोरा येईपर्यंत थांबावं लागलं.

मग आला सॉक्सलेट. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली अल्कोहोलचा फ्लास्क, तो तापवायला हीटिंग मँटल. मधल्या काचेच्या नळकांड्यात वाळलेल्या पाल्याची भुकटी भरलेली थिंबल, आणि वर कंडेन्सर, ज्याच्या भोवतीनं नळाचं थंड पाणी सतत खेळत असतं. अल्कोहोलची वाफ वर जाते, थंड होऊन थेंबाथेंबानं भुकटीवर पडते, नळकांडं भरत भरत येतं आणि एका विशिष्ट उंचीला आलं की सगळा हिरवा ऐवज 'घुडुप्' करून एकदम खाली फ्लास्कमध्ये उतरतो. मग पुन्हा पहिल्यापासून. ते घुडुप् ऐकायला मी तासन् तास स्टुलावर बसायचो. संशोधन चालू आहे असं वाटायला लावणारा तो एकच आवाज माझ्या वाट्याला आला.

पण या यंत्राला अखंड वीज आणि अखंड पाणी लागतं, आणि आमच्या गावात त्या काळी दोन्ही एका वेळी नसायचं. दिवसा भारनियमन. रात्री वीज यायची, म्हणून मी रात्री सॉक्सलेट लावला. रात्री गावातले बाकीचे नळ बंद होतात आणि आपल्या नळाचा जोर वाढतो, हे पाणीपुरवठ्याचं शास्त्र मला कोणी शिकवलं नव्हतं. पहाटे केव्हातरी कंडेन्सरची रबरी नळी निसटली. पाणी कंडेन्सरऐवजी फरशीवर, अल्कोहोल फ्लास्कऐवजी हवेत आणि अर्क तळाला करपलेला. मी शेजारच्या खोलीत बाकावर झोपलो होतो. आमची लॅब पहिल्या मजल्यावर आणि बरोबर खाली परीक्षा विभाग. त्या वर्षी आमच्या अंतर्गत गुणांना उशीर का झाला, हे विद्यापीठाला कधीच कळलं नाही.

सर रागावले नाहीत. त्यांनी तू यूयू यांचं उदाहरण दिलं. सरांचं हे असंच, रागावायच्या जागी उदाहरण. चीनमध्ये मलेरियावर औषध शोधताना या बाईंनी जुन्या ग्रंथात एक वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळून घ्यायची कृती वाचली, आपण उकळून उकळून तिचा गुण मारतो आहोत हे ओळखलं, आणि कमी तापमानाला ईथर वापरून आर्टेमिसिनिनचा अर्क मिळवला. त्याबद्दल त्यांना पुढं २०१५ साली नोबेल मिळालं. मी त्यांचाच प्रयोग उलट्या दिशेनं करून दाखवला होता.

दुसऱ्या खेपेला अर्क मिळाला. गडद हिरवा, चिकट, बाटलीला धरून बसणारा, आणि बाटलीपेक्षा माझ्या अ‍ॅप्रनवर जास्त. पर्किनसारखा रंग मलाही लागला होता. त्याचा जांभळा व्हिक्टोरिया राणीनं १८५८ साली लेकीच्या लग्नात अंगावर घातला. माझा हिरवा धोब्यापर्यंत जाऊन परत आला. त्यानंतर मी तो अ‍ॅप्रन धुणंच सोडून दिलं. होस्टेलला पाण्याची बोंब, आणि डाग जाणार नव्हताच. या अ‍ॅप्रनला पुढं महत्त्व येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

प्राण्यांवर प्रयोग करायचा तर कॉलेजच्या समितीची परवानगी लागते. १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८चे नियम यांना धरून हे चालतं. समितीत वैज्ञानिक असतात, पशुवैद्य असतो, आणि समाजाची जाण असलेला, पण वैज्ञानिक नसलेला, बाहेरचा एक माणूस असतो. आमच्याकडे ते एक निवृत्त शाळामास्तर होते. बाकीच्यांनी विचारलं : एका गटात सहाच उंदीर का, चार का नाहीत, डोस कसा ठरवला. हे प्रश्न अपेक्षित होते आणि मागच्या बॅचच्या फॉर्मवरून उत्तरंही पाठ होती. मास्तरांनी विचारलं, "उंदराला दुखतंय हे तुम्हाला कळतं कसं?"

"सर, गरम पत्र्यावर ठेवला की तो पंजा चाटतो किंवा उडी मारतो. ते सेकंद मोजायचे."

"आणि नाही चाटला तर?"

"तर औषध लागू पडलं."

"किंवा तो भ्यालेला असेल," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. मी जास्त हसलो. परवानगी मिळाली.

अ‍ॅनिमल हाउसमध्ये पाऊल टाकलं की पहिली भावना हेव्याची. आत एसी, तापमान बाविसाच्या आसपास, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, वीज गेली तर जनरेटर, वेळेवर खाणं, स्वच्छ बिछाना. होस्टेलवर आम्ही आठ-आठ तास पंख्याविना, आणि मेसची आमटी काय असायची ते सांगत नाही. मी एकदा दुपारी तिथं सतरंजी टाकायचा प्रयत्न केला, तर मामांनी हुसकावलं. मामा म्हणजे अ‍ॅनिमल हाउसचे अटेंडंट. त्यांच्या लेखी आम्ही सगळे पोरखेळ करणारे, आणि ते चूक नव्हते. "सर, ही सायबाची जात हाय," ते पिंजऱ्याकडं बोट दाखवून म्हणायचे. "ह्यांना घाम आलेला मानूस चालत न्हाई."

स्विस अल्बिनो उंदीर दिसायला गोजिरवाणा असतो. गुलाबी डोळे, पांढरी फर, सारखी मिशांची हालचाल. त्याला शेपटीच्या बुडाशी धरून उचलायचं, जाळीवर टेकवायचं, तो पुढं ओढ घेतो, तेवढ्यात डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं मानेमागची सैल कातडी पकडायची आणि शेपटी करंगळीखाली दाबायची. मग टोकाला गोल मणी असलेली वाकडी सुई तोंडातून पोटात सोडून औषध द्यायचं. मामा हे बोलता बोलता करायचे. मी करायला गेलो की उंदीर आधी मान वळवायचा. एकदा त्यानं पूर्ण वळवली.

गावातल्या डॉक्टरांनी बोट पाहिलं. "कुठला उंदीर? घरातला?"

"नाही. स्विस."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि टिटॅनसचं इंजेक्शन भरलं. "परदेशी असला तरी हेच देतो," म्हणाले. दंड असा धरला की पुढं काही दिवस मला पेनही उचलवेना.

हॉट प्लेट मात्र मला मनापासून आवडायची. साधी तबकडी, पंचावन्न अंशांवर धरलेली, भोवती काचेचा उभा दंडगोल. १९४४ पासून वेदनाशामकांची परीक्षा अशी घेतात. उंदीर आत सोडायचा, स्टॉपवॉच दाबायचं, त्यानं पंजा चाटला किंवा उडी मारली की थांबवायचं. पंधरा सेकंदांनंतर काही झालं नाही तरी त्याला बाहेर काढायचंच, पंजा भाजू नये म्हणून. तुलनेला एक नावाजलेलं औषध लागतं. मॉर्फिनला अमली पदार्थांचा परवाना लागतो आणि तो मिळवण्यात एका विद्यार्थ्याचा जन्म जाईल, म्हणून आम्ही ट्रॅमाडॉल वापरायचो. कंट्रोल गटाला काहीच औषध नाही, नुसतं सीएमसीचं पाणी. सीएमसी म्हणजे अर्क पाण्यात नीट मिसळून राहावा म्हणून घालतात तो गोंदासारखा पदार्थ. दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

पहिल्या दिवशी तबकडी तापली का, हे पाहायला मी बोट टेकवलं. वर आकडे लाल अक्षरांत दिसत होते, तरीही. "आई गं!" म्हणून हात मागं घेतला आणि बोट तोंडात घातलं. मामा कोपऱ्यात पिंजरे धूत होते. "सर, पंजा चाटला," ते म्हणाले. "टायम ल्ह्यायचा का?"

निकाल भलतेच आले. निर्गुडीवाले उंदीर तबकडीवर बराच वेळ उभे राहत होते. मी हुरळलो. ट्रॅमाडॉलवालेही उभे. तेही ठीक. पण नुसतं गोंदाचं पाणी प्यालेले कंट्रोलचे उंदीरही तसेच उभे! कान मागं टाकून, अंग आवळून, माझ्याकडं बघत. याचा सरळ अर्थ असा निघत होता की दुखण्यावर औषध लागतच नाही. सर म्हणाले, "छान. आता सगळा औषधधंदा बंद करायला हरकत नाही." मग उंदरांना काही दिवस विश्रांती देऊन कंट्रोल गट पुन्हा घ्यायला सांगितला. माझा दंड तेव्हा धरलेलाच होता, त्यामुळे स्टॉपवॉच घेतलं माझ्या बॅचमधल्या विदर्भातल्या मुलीनं. ती मधुमेहावर काम करत होती आणि तिचे उंदीर, तिची वही आणि तिचा अ‍ॅप्रन, तिन्ही स्वच्छ असायचे.

तिच्यासमोर तेच उंदीर, तीच तबकडी, तेच तापमान. टेकवल्याबरोबर चार-पाच सेकंदांत पंजे चाटायला लागले.

"काऊन रे, तुझ्यासमोर हे ध्यानाला बसतात का?" ती म्हणाली.

दंड उतरल्यावर मी पुन्हा रीडिंग घेतलं. पुन्हा ध्यान. सरांनी थर्मोस्टॅट तपासला, थर्मामीटर बदलला, स्टॉपवॉच बदललं. शेवटी त्यांनी एकच न बदललेली वस्तू बदलली, म्हणजे मला. माझ्या प्रोजेक्टची रीडिंग्ज यापुढं ती मुलगी घेईल, मी बाहेर बसून वजनं मांडायची आणि टेबलं करायची, असं ठरलं. मामा पिंजरा ठेवता ठेवता म्हणाले, "सर, येक बोलू? तुमी आत आला की उंदरं गप हुत्यात. म्याडम आल्या की फिरत्यात." मला वाटलं, हा टोमणा आहे. मी दुर्लक्ष केलं.

तिच्या रीडिंग्जमध्ये ट्रॅमाडॉल ट्रॅमाडॉलसारखं वागलं, गोंदाचं पाणी पाण्यासारखं, आणि निर्गुडीच्या सर्वांत मोठ्या डोसला टेबलात एक तारा आला. एक तारा म्हणजे हा फरक नुसत्या योगायोगानं दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. दोन-तीन तारे मिळवणारी मुलं होती. आम्ही एकावर मिठाई वाटली.

दाहाचा प्रयोग मोठ्या उंदरांवर, कॅराजीननचं इंजेक्शन पंजात देऊन करतात. हा समुद्री शेवाळाचा अर्क आइस्क्रीममध्येही घालतात. मधल्या सुट्टीत कुल्फी खाणं मी तेव्हापासून बंद केलं. तीन तासांनी सूज भरात येते, ती मोजायची. इथं तुलनेला, म्हणजे स्टँडर्ड गटाला, डायक्लोफेनॅक. त्याबद्दल एवढंच सांगायचं की त्याच दरम्यान मी आजोळी गेलो, आजीनं "माझी गोळी दे रं तेवढी" म्हणून फळीवरचा डबा दाखवला, आणि डब्यात डायक्लोफेनॅकची पाकिटं निघाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी कधीतरी लिहून दिलेली आणि मग दुकानदाराकडून दर महिन्याला येणारी. जेवणानंतर एक, रोज.

"आणि निर्गुडी?" मी विचारलं. माझा आवाज बारीक झाला असावा.

"गोळीनं दुखनं ऱ्हातं," आजी म्हणाली. "पाल्यानं बरं वाटतं."

म्हणजे ज्या रुग्णाच्या अनुभवावर माझं सगळं संशोधन उभं होतं, तो माझ्या स्टँडर्ड गटातला होता. वेदनेच्या अभ्यासकांना मात्र आजीचं ते वाक्य ऐकवण्यासारखं आहे. दुखणं थांबणं आणि बरं वाटणं हे दोन वेगळे कप्पे आहेत हे सांगायला पुस्तकांना पानंच्या पानं लागतात.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले. थिसिस चाळला. "निर्गुडीवर इतके पेपर आहेत. परदेशातले आहेत, आपल्याकडचे तर आहेतच. यात नवीन काय?"

मी म्हणालो, "सर, ही आमच्या ओढ्याची आहे."

आमच्या सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. परीक्षकांनी वेदनेची व्याख्या विचारली. ती पाठ होती : आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ साली केलेली, शरीराच्या प्रत्यक्ष किंवा संभाव्य इजेशी निगडित असलेला अप्रिय संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव, वगैरे. "संवेदना मोजलीस," ते म्हणाले. "उंदराची भावना कुठं मोजली?" मी टेबल क्रमांक सात काढून दाखवलं. त्यात उंदरांची वजनं होती.

पास झालो. आता पुण्यात एका कंपनीत औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासतो. लोक औषध घेऊन त्यांना काय काय झालं ते कळवतात, आणि मी ते वाचून खुणा करतो. या कामात उंदीर नाहीत, हा दोन्ही बाजूंचा फायदा आहे.

२०१४ साली जेवणाच्या सुटीत 'नेचर मेथड्स'मधला एक पेपर कोणीतरी पुढं सरकवला. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मॉगिल यांच्या चमूनं दाखवलं होतं की प्रयोग करणारा पुरुष खोलीत असला की उंदीर वेदना कमी दाखवतात. बाई असली तर असं होत नाही. पुरुषानं रात्री घातलेला टी-शर्ट पिंजऱ्याजवळ नुसता ठेवला तरी तेच. बाईचा टी-शर्ट शेजारी ठेवला की परिणाम मावळतो. काखेतून निघणाऱ्या गंधद्रव्यांनी उंदीर इतका धास्तावतो की त्याला पंधरा मिनिटं नळीत कोंडून ठेवल्याएवढा ताण येतो, आणि त्या ताणानं दुखणं तात्पुरतं दबतं. अनोळखी नर प्राण्याच्या वासानंही तेच होतं. माणूस खोलीत बराच वेळ बसून राहिला तर उंदीर सरावतात आणि परिणाम ओसरतो.

माझ्या बाबतीत हेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तसा हिशेब त्या वेळी कोणी ठेवलाच नव्हता. पण कित्येक महिने न धुतलेला, घामानं आणि निर्गुडीनं कडक झालेला तो अ‍ॅप्रन, होस्टेलची ती पाणीटंचाई, अंग आवळून माझ्याकडं बघणारे ते उंदीर, हे सगळं त्या पेपरच्या आकृत्यांमध्ये मला ओळखीचं दिसलं. मामांचंही कोडं उलगडलं. त्यांचा वास उंदरांच्या रोजच्या सवयीचा होता, म्हणून उंदरांना त्याचं काही होत नसावं. मास्तरांनी बैठकीत आणि मामांनी पिंजरे धुताना जे सांगितलं होतं, ते सिद्ध करायला मॅकगिलच्या लोकांना निदान टी-शर्ट तरी लागले. मी वेदनाशामक शोधायला निघालो होतो आणि नकळत बनलोही होतो. गुण येत होता, फक्त डोस काढता येत नव्हता आणि बाटलीत भरता येत नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन नावाच्या एका नव्या तऱ्हेच्या वेदनाशामकाला मान्यता मिळाली. अफूच्या वर्गातलं नसलेलं, चेतातंतूंतल्या सोडियमच्या एका विशिष्ट वाटेवर बोट ठेवणारं. अशी नवी तऱ्हा या क्षेत्रात फार वर्षांनी आली. त्या औषधावरच्या पेपरच्या संदर्भसूचीत मी माझं नाव शोधलं नाही. एवढी अक्कल आली आहे.

तुमच्या घरातला कोणी मुलगा फार्माकॉलॉजीला जात असेल तर त्याला तीन गोष्टी सांगा. अ‍ॅप्रन धुऊन घाल. रीडिंग घेण्याआधी तासभर उंदरांच्या खोलीत नुसता बसून राहा. आणि अ‍ॅनिमल हाउसचे मामा पिंजरे धुता धुता काही बोलले, तर ते वहीत लिहून ठेव. आणि घरात कोणाचे गुडघे धरलेले असतील तर पाला शेकायला हरकत नाही, पण फळीवरचा डबा एकदा उघडून बघा. डायक्लोफेनॅक वर्षानुवर्षं रोज घेण्याचं औषध नाही. पोटाला आणि मूत्रपिंडाला ते महागात पडतं. मी आजीला तालुक्याला नेऊन रक्त तपासून आणलं, गोळी बदलून घेतली. पाला अजून चालू आहे.